२०३४ पर्यंतचा अंदाज

लोणार,
१४ मे २०२४

चि. शंतनुस,
अ. उ. आशीर्वाद. वि. वि.

पाकीट पाहून घाबरू नकोस, सगळे हयात आहेत. हातात फोन असताना ताईनं तिकीट चिकटवण्याचा खटाटोप कशाला केला असं तुला वाटेल. त्याचं कारण आठ वर्षांचं आहे आणि सध्या बापाच्या, कुलदीपच्या, मांडीवर बसून टीव्ही बघतंय. गार्गीचे कान मांजरीचे. तुझा फोन आला म्हणून मी मागच्या अंगणात गेले की ही बरोबर न्हाणीच्या खिडकीत. तुझे मेसेज ती माझ्याआधी वाचते आणि वर मलाच मोठ्यानं वाचून दाखवते. तेव्हा तिच्या आजाराबद्दल जे काही लिहायचं ते यापुढे कागदावर, आणि तेही माझ्या झेरॉक्सच्या दुकानाच्या पत्त्यावर. पोस्टमनला सांगून ठेवलंय, पाकीट माझ्याच हातात द्यायचं.

परवाची अक्षय तृतीयेची आखाजी सांगते. सासूबाई गेल्यानंतरची पहिली, म्हणून डोणगावला सासरी सगळे जमलो होतो. आपल्याकडे बसवतात तसंच तिथेही एका म्हातारीला पितर म्हणून पाटावर बसवून जेवू घालायचं होतं. ठरलेल्या बाईला ऊन लागलं, ती आली नाही. मी आत आंब्याचा रस काढत होते. बाहेर येऊन बघते तर पाटावर गार्गी. चुलतसासू केसरबाईंनी तिला सासूबाईंचं हिरवं लुगडं डोक्यावरून पांघरलं होतं, मोठं कुंकू लावलं होतं, आणि घरातली मोठी माणसं एकामागून एक तिच्या पाया पडत होती. केसरबाई डोळे पुसत सांगत होत्या की मले पयल्यापासून ठाऊक होतं, आमची जाऊबाई वापस आली.

खरं सांगू का, ती तशीच दिसत होती. टक्कल पदराखाली गेलेलं, नाक बारीक टोकदार, हाताच्या शिरा वर आलेल्या. क्षणभर मलाही सासूबाईच दिसल्या. मग मी पाट ओढला, भरल्या ताटासकट. पितर उपाशी उठवलं म्हणून सगळे माझ्यावर उलटले. गार्गीची तक्रार वेगळीच, तिला अजून एक कुरडई खायची होती. परत येताना एसटीत तिनं विचारलं की मेलेल्या माणसाच्या जागी मला काऊन बसवलं. मी सांगितलं, तू आजीची लाडकी म्हणून. तिनं ऐकून घेतलं आणि खिडकीकडे तोंड केलं.

फेब्रुवारीत संभाजीनगरच्या डॉक्टरांनी रक्ताचा अहवाल दिला तो दिवस अजून माझ्या छातीवर बसलाय. प्रोजेरिया. पोरगी मनानं आठ वर्षांची आणि अंगानं म्हातारी होत चाललेली. हृदय आधी थकतं म्हणाले, आणि चौदा-पंधराच्या पुढे फार मुलं जात नाहीत. कुलदीपनं त्यांना औषधाचं विचारलं तर म्हणाले, एक आहे, पण इथे दुकानात मिळत नाही. तू पुण्यात बसून जगभरच्या औषधांच्या बाजाराचे अंदाज लिहितोस ना? मग मला एवढंच सांग, ते औषध आपल्याकडे कधी येईल? पाल्हाळ नको. आणि लग्नाचं काय केलंस तेही कळव, आई स्वर्गातून माझाच कान धरते.

माया आहेच, ती उत्तरानं वाढेल.
तुझी ताई,
रेवती

पुणे,
२४ मे २०२४

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पाकीट ऑफिसात सगळ्यांनी हाताळून पाहिलं. कोर्टाची नोटीस आली असं वाटलं त्यांना. माझं लग्न जमलं की सर्वात आधी तुझ्या दुकानात पत्रिकांच्या झेरॉक्स काढीन, तोवर आईला धीर धरायला सांग.

आता कामाचं. माझं काम काय ते तुला कधी नीट सांगितलंच नव्हतं. एखाद्या वस्तूचा बाजार पुढच्या दहा वर्षांत किती वाढेल याचा अहवाल आम्ही तयार करतो आणि कंपन्या तो विकत घेतात. मागच्या महिन्यात मी डिंकावर लिहिलं, त्याच्या आधी गोठ्यातल्या पंख्यांवर. अकाली वार्धक्यावरच्या उपचारांचा अहवाल दुसऱ्याकडे होता, तो मी साहेबांकडून मागून घेतला. का ते त्यांना सांगितलं नाही.

बातमी चांगली आहे, ताई. या उपचारांचा बाजार दरवर्षी वाढत जाणार असं दिसतंय, थेट २०३४ पर्यंत. परदेशात एका औषधाला मंजुरी मिळालेलीच आहे, आणखी काहींवर प्रयोग चालू आहेत. ते औषध आजार बरा करत नाही, पण मुलांना काही वर्षं जास्त देतं. बाजार वाढतो म्हणजे कंपन्यांचं लक्ष इकडे आहे, आणि लक्ष आहे तर आज ना उद्या ते आपल्यापर्यंत येईल. अहवालाचा दोन पानांचा सारांश मराठीत करून सोबत ठेवलाय. भाऊजींना दाखव.

आणखी दोन गोष्टी. हा आजार आईबापांकडून येत नाही, गर्भ राहतानाच जनुकात एका अक्षराएवढी गफलत होते आणि ती कोणाच्याही घरात होऊ शकते. तेव्हा तुझ्या माहेरचं की सासरचं हे भांडण कोणी काढलं तर त्याला हे वाचून दाखव. दुसरं, परदेशात एक संस्था आहे, ती जगभरातून अशी मुलं शोधून त्यांची नोंद ठेवते आणि औषधापर्यंत पोचायला मदत करते. फोटो, रक्ताचा अहवाल आणि हृदयाची तपासणी पाठवावी लागते. पत्ता सारांशाच्या मागे लिहिलाय. लवकर कर.

गार्गीला माझा पापा. मांजरीच्या कानांना एक चिमटा.
लोभ कमी करू नकोस, तो एवढाच एक पगारवाढीवाचून वाढतो.
तुझा,
शंतनु

लोणार,
१७ जून २०२४

चि. शंतनुस,
अ. उ. आ. वि. वि.

तुझ्या दोन पानांनी घरात काय घोळ घातला तो वाच.

कुलदीपनं ती पानं मोठ्या उत्साहानं डोणगावला नेली आणि माझ्या सासऱ्यांना, मामाजींना, वाचून दाखवली. तुला ठाऊक आहे, तुझे कारभारीमामा म्हणजे सोयाबीनच्या व्यापारात केस पांढरे झालेला माणूस. गोदामासमोर खाट टाकून त्यांनी सगळं ऐकलं, कागद हातात घेऊन वाढीचे आकडे बोटानं पाहिले, आणि निकाल दिला की थांबा. बाजार वाढून राह्यला म्हणजे माल वाढणार, माल वाढला की भाव पडणार, घाई करणारा नेहमी मार खाते. दोन वर्षं कळ काढली तर तीच दवाई मेहकरच्या दुकानात मिळेल, तवर परदेशात फोटो कायले पाठवायचे. सोयाबीन गोदामात ठेवून भावाची वाट पाहतात तसं पोरीचं औषध बघायला निघाले.

त्यांच्या मनात दुसरंही आहे, ते मी सांगते. माझ्या नणंदेचं, मनालीचं, वडनेर भोलजीला जमत आलंय. घर चांगलं आहे, मुलगा बँकेत आहे. गार्गीचा आजार लोकांत फुटला तर घरात रोग आहे म्हणून मोडेल अशी भीती. मनालीला बघायच्या कार्यक्रमात गार्गीला शेजाऱ्यांच्या घरी ठेवलं होतं, अशक्त आहे म्हणून सांगितलं. तू लिहिलेलं, आजार वंशाचा नाही, ते मी दोनदा वाचून दाखवलं. मामाजी म्हणाले, हे तुमाले पटते, त्यायले पटलं पाहिजे. कुलदीप कागदाच्या घड्या घालत बसला. बापासमोर त्याची बोलती बंद होते, हे लग्नाआधी सांगितलं असतं तर बरं झालं असतं.

मला राग आलाय, आणि रागापेक्षा मोठी भीती ही की म्हातारा खरं बोलत असेल तर? मला बाजार कळत नाही. थांबलं तर सोपं होईल का, तू एकदा सरळ सांग. गार्गी सुट्टीआधीच शाळेचा जिना चढताना मध्ये थांबायला लागली होती आणि बुटाची लेस बांधायचं नाटक करायची. तिच्या बुटाला लेस नाही.

माझ्याऐवजी मामाजींनाच लिही. माझं ते ऐकत नाहीत, छापील माणसाचं ऐकतील.
तुझी ताई,
रेवती

पुणे,
२४ जून २०२४

ती. स्व. कारभारीमामांस,
शि. सा. नमस्कार. वि. वि.

तुमच्या घरच्या निर्णयात मी बोलावं असा माझा अधिकार नाही, हे जाणून लिहितो आहे. पण ज्या कागदावरून तुम्ही थांबायचं ठरवलं तो कागद मी लिहिलाय, म्हणून त्याचा अर्थ सांगणं मला भाग आहे.

मामा, तुमच्या बाजारात आवक वाढते आणि भाव उतरतो. या बाजारात तसं नाही. हा आजार असलेली मुलं साऱ्या जगात काहीशेच असतील. एवढ्या गिऱ्हाइकांसाठी कोणी माल वाढवत नाही आणि दुकानं उघडत नाही. आम्ही जी वाढ दाखवतो ती बरीचशी किमतीची असते, आणि थोडी आशेची. नवं औषध निघेल, अजून न सापडलेली मुलं सापडतील, असं धरून आकडा चढवलेला असतो. मेहकरच्या दुकानाचा त्यात कुठे हिशेब नाही. आपला देशसुद्धा वेगळा दाखवलेला नाही, आशियातले इतर देश म्हणून एक ओळ आहे, तिच्यात आपण आलो.

आणखी एक सांगतो, हे मी ताईला लिहिलं नाही आणि तुम्हीही सांगू नका. आमच्या तक्त्यात दरवर्षी मुलांची संख्या जवळपास तेवढीच राहते. सुरुवातीला मला त्याचं काही वाटलं नाही. मग लक्षात आलं की ती तेवढीच राहते कारण काही मुलं जातात आणि काही नवी जन्मतात. म्हणजे दोन वर्षांनंतरच्या रकान्यात जी मुलं आहेत ती आजचीच असतील असं नाही. बाजाराला त्यानं फरक पडत नाही, त्याला कोणतंही मूल चालतं. आपल्याला चालणार नाही.

सोयाबीन गोदामात थांबतं, मामा. गार्गी थांबत नाही. ताईच्या लग्नाच्या कितीतरी आधी, जुन्या घरोब्यात, तुम्ही मला लहानपणी कुस्त्या बघायला आखाड्यात खांद्यावर बसवून नेलं होतं, त्या हक्कानं विनवतो, नोंद करू द्या. मनालीच्या लग्नाची काळजी मला समजते. त्या मंडळींना डॉक्टरांचं लेखी मत हवं असेल तर मी स्वतः घेऊन वडनेरला जाईन.

काही जास्त बोललो असेन तर मुलगा समजून कान धरा, पण तोंड फिरवू नका.
आपला,
शंतनु

डोणगाव,
४ जुलै २०२४

श्री. शंतनुराव यांस,
कारभारीचा राम राम. वि. वि.

तुमचं पत्र पोचलं. मले लिवायची सवय नाही, आमी पोत्याच्या चिठ्ठ्या लिवनारे. चुकलं तं संभाळून घ्या.

पयले मले तुमचा राग आला. सुनेच्या माहेरचा मानूस आमाले बाजार शिकवते, असं वाटलं. मंग गोदामात गेलो. मागल्या दिवाळीपासून भाव चढन म्हनून ठेवलेलं सोयाबीन तसंच पडून हाय. भाव चढला नाही, उतरला, अन् माल सुकून वजनात घटला. चार जन सांगत होते इकून टाका. मी म्हनलो, बाजार मले कळते.

सुट्टीचे शेवटचे दिवस म्हनून गार्गी इथंच होती. गोदामात आली की पयले वजनकाट्यावर चढते, हा तिचा जुना खेळ हाय. मी म्हनतो, अजून अर्धं पोतं बी भरलं नाही तुह्यात, अन् ते हासते. या खेपेले मी काटा पाह्यला तं आखाजीले होती त्याच्याहून कमी. मी तिले लगेच खाली उतरवलं. पन पोरगी माह्यासंगं व्यापाऱ्याच्या गोष्टी ऐकत बसते ना. तिनं सोयाबीनच्या थप्पीकडे पाह्यलं अन् मले इचारलं, आबा, मी बी सुकून राह्यली का?

शंतनुराव, मी तिथंच पोत्यावर बसून रडलो. बायको गेली तवा बी मी चार मानसांत रडलो नव्हतो.

दुसऱ्या दिवशी वडनेर भोलजीले सोता गेलो. मधला मानूस पाठवला नाही. त्यायले सांगतलं, आमच्या नातीले असा असा आजार हाय, वंशाचा नाही असं डॉक्टर सांगते, लपवलं ही आमची चूक, आता तुमचं तुमी ठरवा. त्यायनं चहा पाजला. उत्तर देलं नाही. घरी येऊन मनालीले सांगतलं तं म्हने बाबा, बरं केलं. पन आतल्या खोलीत गेली ते जेवाले बी आली नाही.

नाव नोंदवा. फोटू पाठवा. काय लागन ते करा. केसरबाईले मी समजावतो, ते माह्याकडे लागलं. तुमाले यायचं काम नाही, अन् आले तं पाहुने म्हनून या.

लोभ आमचा होताच, आता मान बी हाय.
कारभारी

लोणार,
१९ नोव्हेंबर २०२४

चि. शंतनुस,
अ. उ. आ. वि. वि.

मनालीचं मोडलं. त्या लोकांनी नाही म्हटलं नाही, दिवाळीनंतर कळवतो म्हणाले, आणि मग आमच्या ओळखीच्याच घरात त्या मुलाचा साखरपुडा झाला. मी मनालीच्या समोर उभी राहायला घाबरत होते. तिनं माझ्या हातात गार्गीसाठी विणलेली लोकरीची टोपी दिली आणि म्हणाली की वहिनी, तो मुलगा घोरत असंन. मी हसले आणि मग दोघीही रडलो. मामाजींवर रागवायचं म्हटलं तरी आता जमत नाही.

संस्थेच्या बाईंचं उत्तर आलंय. कागद पूर्ण झाले, संभाजीनगरचे डॉक्टर औषध आपल्या देखरेखीखाली द्यायला तयार आहेत, परवानग्यांचं चाललंय. तू इंग्रजी पत्रं लिहिलीस म्हणून इथवर आलो. हृदयाच्या तपासणीत मात्र रक्तवाहिन्या कडक झालेल्या दिसल्या. मी विचारलं की जूनमध्ये पाठवलं असतं तर फरक पडला असता का. डॉक्टर म्हणाले, असं सांगता येत नाही. मला ते आयुष्यभर पुरेल.

फोटोसाठी तिला पांढऱ्या भिंतीसमोर उभं करायचं होतं, मग खोटं बोलायला काही उरलंच नाही. कुलदीपनं सांगितलं, माझी हिंमत झाली नाही. बापासमोर गप्प बसणारा माणूस लेकीसमोर खाली बसून तिच्या डोळ्यांत बघून सगळं बोलला. नाव सांगितलं, हृदयाचं सांगितलं, किती वर्षं ते मात्र नाही सांगितलं. तिनं पहिला प्रश्न विचारला की हे अदीबाला तर होणार नाही ना. शेजारच्या बांगड्यांच्या दुकानातली अदीबा, तिच्याबरोबर एकाच डब्यात जेवते. नाही होणार म्हटल्यावर ती खेळायला गेली. मी दुकान उघडून दिवसभर कोऱ्याच झेरॉक्स काढत बसले.

तू लवकर ये. भांडायला तरी ये.
तुझी ताई,
रेवती

लोणार,
२ मे २०२५

ती. शंतनुमामास,
सा. न. वि. वि. याचा अर्थ आईला विचारला, साष्टांग नमस्कार. मी तो मनातल्या मनात घातला, कारण माझे गुडघे वाकत नाहीत.

औषध मार्चमध्ये आलं. आई कॅप्सूलमधली पूड संत्र्याच्या रसात घालून देते. आधी मला रोज उलट्या व्हायच्या, आता कधीकधी होतात. आता मला संत्र्याचा वास आवडत नाही. अदीबा म्हणते मोसंबी मागून बघ.

परवा आखाजी झाली. केसरआजीनं पाट मांडला आणि माझ्याकडे बघितलं, तर आबा म्हणाले की ते आपली नात हाय, ते वाढाले राहीन. मग एक खरी म्हातारी आली, तिला दात नव्हते. मी तिला कुरडया वाढल्या, त्या तिनं रसात बुडवून खाल्ल्या. नंतर मी काट्यावर चढले. थोडी वाढले. आबानं खडूनं गोदामाच्या दारावर तारीख आणि वजन लिहिलं आणि कोणी पुसू नये म्हणून मोठ्यानं सांगितलं. गोदाम रिकामं आहे. त्यांनी सगळं सोयाबीन विकून टाकलं, भाव नव्हता तरी.

तुझे दोन कागद मला आईच्या दुकानात सापडले. आईला वाटतं मला समजले नाहीत. त्यात प्रत्येक वर्षापुढे आकडा आहे आणि शेवटचं वर्ष २०३४ आहे. मी बोटांवर मोजलं, तेव्हा मी अठरा वर्षांची असेन. डॉक्टर बाहेर बाबांना काय सांगत होते ते मी ऐकलंय, माझे कान चांगले आहेत. आईला सांगू नकोस की मला माहीत आहे, ती परत कोऱ्या झेरॉक्स काढेल.

बाबा म्हणतात, अंदाज म्हणजे नक्की नसतं, पण लोक लिहून ठेवतात. मग २०३४ च्या पुढे माझंही लिहून ठेव. गार्गी, वय अठरा. तुझे साहेब रागावले तर पेन्सिलीनं लिही.

मोठी माणसं लोभ मागतात, मला तो आहेच. उत्तर दुकानावर नको पाठवू. घरी पाठव, माझ्या नावानं.

तुझी भाची,
गार्गी